निरोपाची नोंद

घरातून बाहेर पडणाऱ्याने ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, असा मराठी घरांतील जुना संकेत आहे. मग तो माणूस शेजारच्या आळीत निघालेला असो की सातासमुद्रापलीकडे. ह्या संकेतात वाढलेल्या मनाला जर्मनीतील एक कायदा प्रथमदर्शनी रुक्ष वाटतो. तेथे देश सोडणाऱ्या रहिवाशाने नगराच्या कार्यालयात ‘मी जातो’ असे लेखी कळवावे लागते. जर्मन भाषेत ह्या सूचनेला ‘आबमेल्डुंग’ म्हणतात.

जर्मनीत प्रत्येक रहिवाशाचा पत्ता नगराच्या नोंदवहीत असतो. नवीन घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तो नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचे पत्र सादर करावे लागते. देशातल्या देशात घर बदलले, तर जुन्या गावी जाऊन काही सांगण्याचे कारण पडत नाही. नव्या गावचे कार्यालय जुन्यास परस्पर कळविते. परंतु देशच सोडला, तर कळविणारे दुसरे कोणी उरत नाही. म्हणून निघण्यापूर्वी फार तर एक आठवडा आणि घर सोडल्यानंतर दोन आठवडे, एवढ्या अवधीत ही सूचना रहिवाशाने स्वतः द्यावयाची असते. परदेशातील नवा पत्ताही विचारला जातो. इंदूरहून शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याच्या अर्जावर अशा वेळी पुन्हा इंदूरच्या घराचाच पत्ता येतो. मोबदल्यात जो दाखला हाती पडतो, तो पुढे फार उपयोगी ठरतो. सूचना न दिल्यास एक हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

सामानाची बांधाबांध, मित्रांचे निरोप, विमानाची वेळ ह्या धांदलीत हा कागद विसरण्याजोगाच आहे. पण कार्यालयाच्या दृष्टीने तो माणूस मग गेलेलाच नसतो. त्याचे शरीर बडोद्यात आणि पत्ता म्यूनिकमध्ये, अशी त्याची अवस्था होते. जर्मनीत आकाशवाणी व दूरचित्रवाणी ह्यांच्यासाठी दर घरामागे वर्गणी भरावी लागते. २०२१ साली ती दरमहा १८ युरो ३६ सेंट ठरली. घरात रेडिओ आहे की नाही, हे तेथे पाहत नाहीत. पोस्टातून रेडिओचा परवाना काढल्याचे ज्यांना स्मरते, त्यांना ह्याचे हसू येईल. पण गावी परतलेल्या माणसामागे ह्या वर्गणीची मागणी चालू राहिली, म्हणजे ते हसू मावळते. येथे आणखी एक मेख आहे. नगराच्या नोंदवहीतून नाव निघाले, तरी वर्गणीचे खाते आपोआप बंद होत नाही. ते निराळे पत्र लिहूनच बंद करावे लागते. विमा, दूरध्वनी आणि बँक ह्यांचे व्यवहारही असेच एकेक करून मिटवावे लागतात, व तेथे तो दाखला कामी येतो.

ह्याच्या उलट, घाई करूनही चालत नाही. परदेशी माणसाचा निवासाचा परवाना, तो तात्पुरत्या कारणाव्यतिरिक्त देशाबाहेर गेल्यास, साधारणतः रद्द होतो. सहा महिन्यांत न परतल्यासही बहुधा तेच घडते. ज्याने स्वतःच ‘जातो’ असे लिहून दिले, त्याला पुढे ‘मी थोड्याच दिवसांसाठी गेलो होतो’ हे पटवून देणे अवघड जाते. म्हणून परतण्याचा विचार असलेल्याने परदेशी नागरिकांच्या कार्यालयात आधी चौकशी करणे शहाणपणाचे.

तथापि ह्या नोंदवहीची खरी कथा दंडाची किंवा वर्गणीची नव्हे. ६ जानेवारी १९३८ च्या हुकमाने नाझी राजवटीने रहिवाशांची नोंद सर्व जर्मनीत एकसारखी केली. ते काम पोलिसांच्या हाती होते, आणि त्याच नोंदवह्या पुढे ज्यू नागरिकांच्या छळास कारणी लागल्या. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी निघालेल्या फर्मानाने, ज्या ज्यू माणसाचे वास्तव्य परदेशात आहे, त्याचे नागरिकत्व संपुष्टात आणले व त्याची मालमत्ता सरकारजमा केली. ज्यांना आगगाडीत कोंडून सरहद्दीपलीकडे नेले, त्यांनाही हाच नियम लावण्यात आला. बळजबरीने नेलेल्या माणसांच्या नावापुढे ‘अज्ञात ठिकाणी गेला’ अशा नोंदी कारकुनांनी केल्या. त्या माणसांनी कोणाचा निरोप घेतला नव्हता. त्यांचा निरोप दुसऱ्यांनीच लिहिला, आणि तो खोटा लिहिला.

ह्या स्मृतीमुळेच पुढील पिढीतील जर्मन नागरिक सरकारी नोंदींकडे साशंकतेने पाहू लागले. जनगणनेच्या एका कायद्याविरुद्ध त्यांनी दाद मागितली, तेव्हा १५ डिसेंबर १९८३ रोजी कार्ल्सरूह येथील घटना न्यायालयाने निर्णय दिला की, स्वतःविषयीच्या माहितीचा उपयोग कसा व्हावा हे ठरविण्याचा अधिकार मूलतः त्या व्यक्तीचाच आहे. १ नोव्हेंबर २०१५ पासून अमलात आलेला आजचा नोंदणी कायदा ह्या निर्णयाच्या छायेतच उभा आहे. जिवाला धोका असल्यास आपला पत्ता इतरांना देऊ नये, अशी मागणी रहिवाशास करता येते. देश सोडून गेलेल्याची माहिती पाच वर्षांनंतर निराळी काढून विशेष बंदोबस्तात ठेवली जाते.

भारतात अशी सूचना देण्याचा प्रघात नाही. उलट, लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला पारपत्रावरील गावाच्या मतदारयादीत नाव नोंदविण्याची मुभा दिली. ‘येतो’ म्हणण्याचा मराठी संकेत जणू त्या कायद्याने मान्य केला. दोन्ही रीतींत आपापले शहाणपण आहे. गावाने माणसाची जागा राखून ठेवावी, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, ज्या गावाने चार वर्षे निवारा दिला, तेथील वहीत आपल्या नावापुढे खोटा पत्ता मागे ठेवून जाऊ नये.

ज्यांचा निरोप दुसऱ्यांनी लिहिला, त्यांची आठवण ठेवली, म्हणजे तो कागद रुक्ष वाटेनासा होतो. आपण कधी व कोठे गेलो, हे स्वतःच्या अक्षरात लिहिता येणे ही स्वतंत्र माणसाची मिरास आहे. निघणाऱ्याने कार्यालयात ‘जातो’ असे खुशाल लिहावे. जिना उतरताना शेजारच्या म्हातारीला मात्र ‘येतो’ म्हणावे. त्या शब्दाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.