डॅन्यूबचा अर्धा किलोमीटर

रुमानिया आणि युक्रेनच्या मध्ये वसलेल्या मोल्दोवाला समुद्र नाही. दक्षिण टोकाला मात्र डॅन्यूब नदीचा जेमतेम अर्धा किलोमीटर काठ या देशाच्या वाट्याला आला आहे. एवढ्याशा काठावर जुर्जुलेश्ती हे बंदर उभं आहे आणि काळ्या समुद्रातून जहाजं थेट तिथवर येतात.

देश 33,800 चौरस किलोमीटरचा, डोंगर असे नाहीतच. सगळ्यात उंच टेकडी 430 मीटरची. खरी श्रीमंती आहे ती काळ्या, कसदार मातीत. मका, सूर्यफूल, अक्रोड आणि जिकडेतिकडे द्राक्षं. किशिनाव ही राजधानी ज्या चुनखडीच्या दगडात बांधली, त्याच्या जुन्या खाणी मिलेश्ती मिच गावाखाली सुमारे 200 किलोमीटर पसरल्या आहेत. आज त्यांच्या काही भागात वाइन मुरते. बोगद्यांना रस्त्यांसारखी नावं आहेत आणि आतून मोटारी धावतात!

खेड्यात अंगणावर द्राक्षाचा मांडव, घराखाली लोणच्यांचं तळघर. जेवणात मामालिगा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. तो पाटावर उपडा करतात, दोऱ्याने कापतात आणि मेंढीच्या चीजबरोबर खातात.

1991मध्ये देश स्वतंत्र झाला, पण रोजगारासाठी लाखो माणसं इटली, जर्मनीकडे गेली. कित्येक घरांत नातवंडं आजीनेच वाढवली. ही या देशाची सर्वांत मोठी वेदना आहे. तरी गेलेल्यांनी नातं तोडलेलं नाही. ऑक्टोबर 2024च्या सार्वमतात युरोपीय संघाच्या बाजूचा निसटता कौल परदेशातल्या मोल्दोवी नागरिकांच्या मतांमुळेच लागला.