शिवण शिकायला युनिव्हर्सिटी कशाला?

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात प्रमुख पाहुण्यांनी केलेले भाषण)



मी काही मोठी विदुषी नव्हे. तयार कपड्यांची आखणी आणि उत्पादन हा विषय मी पदवीपर्यंत शिकले, काही वर्षे कारखान्यात काढली आणि आता तोच विषय शिकवते. तेव्हा आज बोलणार तेही त्याविषयीच.

मी बारावी झाले तेव्हा आमच्या घरी बैठक बसली. मामूंनी अब्बांना सरळ विचारले, "शिवण शिकायला युनिव्हर्सिटी कशाला? तुम्ही स्वतः मास्टर. घरात दोन मशिनी. पोरीला तुम्हीच शिकवा, फीचे पैसे वाचतील." मामूंचा हेतू वाईट नव्हता. आजही पालक मला हाच प्रश्न विचारतात, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे असे वाटते.

अब्बांचा हात असा होता की माणूस दुकानाची पायरी चढला की त्याच्या खांद्याचे माप ते नजरेनेच सांगत. मी आठवीत असताना एका व्यापाऱ्याने त्यांना शाळेच्या गणवेशाचे ४०० शर्ट शिवायला दिले. घरातल्या सगळ्यांनी रात्री जागवल्या, काज-बटण अम्मीने केले, माल वेळेवर गेला. पंधरा दिवसांनी व्यापारी परत आला. पहिल्याच धुण्यात कॉलरवर फोड आले होते. आतले बकरम कापडापासून सुटून फुगले होते. त्याने शिलाईचे पैसे दिले नाहीतच, वर कापडाची भरपाई मागितली. अम्मीच्या बांगड्या त्या वर्षी गेल्या. शिलाई तर सरळ आहे, मग चुकले कुठे, हे अब्बांना कळेना, आणि आसपासच्या कोणा मास्टरलाही सांगता येईना.

ते मला कळले कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी, प्रयोगशाळेत. चिकटणाऱ्या बकरमाच्या एका बाजूला राळेसारखा थर असतो. तो कापडात नीट मुरायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात : उष्णता किती अंश, दाब किती आणि वेळ किती सेकंद. घरच्या इस्त्रीत उष्णता कमी-जास्त होते, दाब हाताच्या जोराप्रमाणे बदलतो, आणि सेकंद कोण मोजतो? शिवाय बकरम आणि कापड पाण्यात सारखे आटले नाहीत तरी फोड येतात. त्यासाठी आधी एक तुकडा चिकटवून, धुऊन आणि ओढून पाहायची चाचणी असते. अर्ध्या तासाचे काम! ती वही घेऊन मी घरी गेले. अब्बांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "हे तेव्हा कुणी सांगितले असते तर!"

मामूंच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. शिवण हा हुन्नर आहे, आणि तो अब्बांपाशी माझ्यापेक्षा जास्त होता. परंतु एक शर्ट शिवणे वेगळे आणि एकसारखे १० हजार शर्ट ठरल्या दिवशी, ठरल्या खर्चात तयार करणे वेगळे. पहिले काम उस्तादाच्या हाताखाली शिकता येते. दुसऱ्याला गणित लागते, रसायन लागते, कापडाचे शास्त्र लागते.

उदाहरण घ्या. एका शर्टाला २ मीटर कापड धरले तर १० हजार शर्टांना २० हजार मीटर लागेल. कारखान्यात कापडाचे थर एकावर एक अंथरतात आणि वर सगळ्या मापांच्या बाह्या, पाठी, कॉलर यांचा नकाशा ठेवून एकदम कापतात. हा नकाशा जो चांगला बेततो, तो कत्रण कमी पाडतो. त्याने शेकडा २ जरी वाचवले तरी ४०० मीटर वाचले. मीटरला १२० रुपये धरले तर ४८ हजार रुपये झाले, आणि तेही एकाच ऑर्डरीत. तयार कपड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा बहुधा कापडाचाच असतो, म्हणून कारखान्याचा नफा पुष्कळदा या टेबलावर ठरतो. आता हा नकाशा संगणकावर करतात. पण उभा धागा कुठे, आडवा कुठे आणि चौकडा कुठे जुळायला हवा, हे ज्याला समजत नाही त्याला संगणक काय मदत करणार?

तपासणीचेही तसेच. २,००० शर्टांचा माल आला तर परदेशी गिऱ्हाईक सगळे शर्ट उलगडत नाही. प्रचलित तक्त्यांपैकी एकाप्रमाणे तो १२५ नग काढतो. त्यांत ७ पर्यंत दोषी निघाले तर माल पास, आठवा निघाला की सगळा माल परत. हा निव्वळ संख्याशास्त्राचा खेळ आहे. ज्याला तो ठाऊक नाही, तो आपले नशीब वाईट म्हणत बसतो.

आपल्या लोकांचे कापडाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. भिवंडी आणि मालेगाव ही नावे देशभरच्या कापडवाल्यांना माहीत आहेत. माग आपले, मशिनीवर बसणारे हात आपले. पण भिवंडीचे बरेचसे कापड कोरेच बाहेर जाते. त्यावर रंग, छपाई, नमुना आणि शिलाई चढल्यावर जी किंमत येते ती दुसऱ्याच्या पेटीत पडते. आपल्याकडे नगावर मजुरी राहते. याला कोणाचा कट म्हणण्यात अर्थ नाही. पुढची पायरी शिकायला आपण पुरेशी मुले पाठवली नाहीत, हे मला त्याचे मोठे कारण वाटते.

बांगलादेशाची हकीकत या संदर्भात ऐकण्याजोगी आहे. १९७९ साली चितगावच्या देश गारमेंट्स या नव्या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार करून १३० माणसे तिकडे बुसानच्या कारखान्यात शिकायला धाडली. संस्थापक नूरुल कादर हे पूर्वी सरकारी अधिकारी होते. शिकायला गेलेल्यांत काही स्त्रियाही होत्या. सुमारे सहा महिने ही मंडळी कापणी, शिलाईची रांग, तपासणी आणि परदेशी व्यापाराचे व्यवहार शिकली. परत आल्यावर पुढच्या काही वर्षांत १३० पैकी ११५ जणांनी कंपनी सोडली. मालकाला वाईट वाटले असेल, पण त्यांतल्या कित्येकांनी स्वतःचे कारखाने काढले, दुसऱ्यांचे उभे करून दिले. आज तो देश तयार कपड्यांच्या निर्यातीत जगातल्या पहिल्या काहींत आहे. यंत्रे पैसे टाकून कोणीही आणू शकतो. ती रांगेत लावून चालवणारी माणसे मात्र तयार करावी लागली.

याच उद्योगाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य शिलाई कामगार. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी सकाळी कामगारांना आत पाठवण्यात आले. मी वर्गात हे दरवर्षी सांगते, कारण माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या उत्पादन व्यवस्थापक होईल आणि "आज रांग बंद" हे शब्द त्याला वेळेवर उच्चारता आले पाहिजेत.

आता शिकायचे कुठे? मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात, म्हणजे महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या विद्यापीठात, वस्त्रशास्त्र आणि वस्त्ररचनेचे शिक्षण आहे. ज्या घरात मुलीला दूर पाठवायची काळजी वाटते, त्यांनी तिकडे जरूर चौकशी करावी. निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय आहे. निफ्ट ही केंद्र सरकारची संस्था १९८६ मध्ये दिल्लीला सुरू झाली, तिची शाखा मुंबईतही आहे. तिथे आरेखनाची पदवी वेगळी आणि कपडे-उत्पादनाची तांत्रिक पदवी वेगळी, दोन्ही चार वर्षांच्या. तांत्रिक पदवीला बारावीत गणित लागते. अकरावीत "मुलीला गणित कशाला" म्हणून विषय सोडवणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे, कारण तो दरवाजा त्याच दिवशी बंद होतो. ज्यांना यंत्रमागाकडे ओढ आहे त्यांच्यासाठी मुंबईचे व्हीजेटीआय आणि इचलकरंजीचे डीकेटीई आहे. आणि परिस्थितीच नसेल तर आयटीआयचा शिवणतंत्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्यात कमीपणा मुळीच नाही.

चित्रकलेचा हात असेल तर सोन्याहून पिवळे, नसेल तर अडत नाही. कोल्हापूरच्या भानू अथैया जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. परंतु सगळ्यांनी तीच स्वप्ने पाहू नयेत. आमच्या विषयातली बहुतेक मुले नमुना कापणे, खर्च काढणे, दर्जा तपासणे, माल खरेदी करणे अशा कामांना लागतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, माल जहाजावर चढायचा असेल त्या आठवड्यात घरी जायला रात्र होते. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर मागाहून मला बोल लावाल.

मामू पुढे स्वतःच त्यांच्या धाकट्या मुलीचा फॉर्म भरायला माझ्याबरोबर आले होते. रांगेत उभे राहून मला म्हणाले, "फी जास्त आहे, पण हप्ते पाडून देतात का बघ." दिले हप्ते पाडून.

प्रवेशाचे नियम आणि तारखा दर वर्षी बदलतात, म्हणून छापील माहितीपत्रक स्वतः वाचल्याशिवाय कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा. काही माहितीपत्रके मी मुख्याध्यापिकांकडे दिली आहेत. नववी-दहावीच्या मुलामुलींनी ती ग्रंथालयातून घ्यावीत. आणि ज्यांच्या घरी शिलाईचे काम चालते, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला दोन मिनिटे भेटावे. बकरमाची चाचणी कशी करतात ते मी दाखवते, तुकडे बरोबर आणले आहेत.