पाहुणा यावा, यजमान बरा व्हावा
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



परदेशातील सेवेविषयी या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. सेवेची थोरवी सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. म्हणून तेथे मला मिळालेला एक धडाच आपणापुढे ठेवते.

2016 ते 2018 ही दोन वर्षे मी टांझानियाच्या दक्षिणेस, रुवुमा प्रांतातील एका खेड्यात परिचारिका म्हणून स्वयंसेवा करीत होते. त्याच प्रांतात पेरामिहो येथे 1898 साली बेनेडिक्टाइन मठ स्थापन झाला, आणि तेव्हापासून आपला धर्म त्या भूमीत रुजला आहे. माझ्या जाण्यास आमच्या यजमानांनी रुकार दिला होता. परंतु तो मनापासून नव्हता. 2017 च्या डिसेंबरात ते तीन आठवड्यांकरिता भेटीस आले, तेव्हा मला परत नेण्याचा त्यांचा मानस आहे, हे मी ओळखून होते. म्हणून मी मच्छरदाणी लावली, उकळलेले पाणी भरून ठेवले, डाळ-तांदूळ जमविले. त्यांस तक्रारीस जागा उरू नये, एवढीच माझी धडपड होती.

पण पाहुणा माझ्या एकटीचा नव्हता. पहिल्याच संध्याकाळी दाराशी 'होडी!' अशी हाक आली. आत येऊ का, असा तिचा अर्थ. उत्तर द्यावयाचे 'करिबू', म्हणजे यावे. शेजारच्या स्त्रिया मक्याचे पीठ आणि अंडी घेऊन आल्या. एका वृद्ध विधवेने जिवंत कोंबडी आणली. तिच्या घरी सणावाचून मांस शिजत नाही, हे ठाऊक असल्याने मी ती परत करू लागले. तेव्हा गावच्या धर्मशिक्षकांनी मला बाजूस घेतले. त्या भाषेत 'दादा' म्हणजे बहीण. ते म्हणाले, "दादा, कोंबडी परत केलीस, तर तिलाच परत पाठविलेस असे होईल." मी खाली मान घालून कोंबडी घेतली. दीड वर्ष मी त्या गावाला देतच होते. घ्यावयास मात्र शिकले नव्हते.

तेथे एक म्हण आहे: पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ज्युलियस न्येरेरे यांनी 1962 साली आपल्या 'उजामा' या निबंधात तिचा दाखला दिला आहे. तिसऱ्या पहाटे शेजारी खरोखरच कुदळ घेऊन आला! दिवस पावसाचे, मक्यात तण माजलेले. जन्मभर कचेरीत बसलेले आमचे यजमान संध्याकाळी तळहातांवरचे फोड दाखवीत परतले, आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांस मोकळेपणी हसताना पाहिले.

त्या रात्री ते बोलले. "आईच्या आजारपणात तू नव्हतीस. मी एकटा होतो." एवढे एकच वाक्य पत्रांतून कधी आले नव्हते. मी सबबी सांगितल्या नाहीत, क्षमा मागितली. सारा सल त्या रात्रीत गेला, असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु निघताना ते म्हणाले, "उरलेले महिने पुरे करून ये." विधवेच्या अंगणात ते निरोप घेण्यास गेले, तेव्हा मी मागेच उभी राहिले, तेथे माझी गरज नव्हती.

त्या भाषेत दुसरीही म्हण आहे: 'म्गेनी न्जो, म्वेन्येजी आपोने'. पाहुण्या, ये, म्हणजे यजमान बरा होईल. आपल्या मराठीत यजमान शब्दाचे दोन अर्थ आहेत. माझ्या घरी दोन्ही अर्थांनी ती खरी ठरली.

बंधुभगिनीहो, आपल्या धर्मग्रामातही दरवर्षी नवी कुटुंबे राहावयास येतात. आपण त्यांस पहिल्या दिवशी चहा देतो. तिसऱ्या दिवशी कुदळ देतो काय? गायनमंडळात, मंदिराच्या स्वच्छतेत, आजाऱ्यांच्या भेटीत त्यांस वाटा देतो काय? आणि त्यांनी आणलेली कोंबडी आपण नम्रपणे घेतो काय? मम्रेच्या एलोन वृक्षांखाली अब्राहामाने तिघा परक्यांस जेवू घातले. पण वचन घेऊन परतला तो अब्राहामच. पुढील पन्नास वर्षांत आपल्या दारी येणाऱ्या प्रत्येकामुळे आपण बरे व्हावे, हीच प्रभुचरणी प्रार्थना.