गोळ्या तिनं घ्यायच्या, पण घर कुणी चालवायचं?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत आपल्या एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण. बोलल्या तसंच, थोडं आवरून दिलं आहे.)

अध्यक्षताईंनी सांगितलं, आरोग्यावर दोन शब्द बोल. मी डॉक्टर नाही, गटाची खजिनदार आहे. हिशोब सोडून मला जे कळतं ते घरातलंच. तर घरातलंच सांगते.

माझी धाकटी जाऊ नवी मुंबईत कळंबोलीला राहते. दीर तिथल्या स्टील मार्केटमध्ये माथाडी आहेत. आपल्या सातारा भागातली कितीतरी माणसं तिकडं ओझी वाहायला गेली, ते तुम्हाला सांगायला नको. दोन मुलं, मोठी मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, सहा महिने तिकडं, सहा महिने माझ्याकडं.

गणपतीत गावाला आली तेव्हाच ती खोकत होती. मी विचारलं तर म्हणाली, "अक्का, तिकडं ट्रकची धूळ लई, त्यानं होतंय." एका खाजगी डॉक्टरनं खोकल्याच्या बाटल्या दिल्या, एकामागून एक तीन. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, साड्यांचे ब्लाउज ढगळ झाले. दिवाळीच्या तोंडावर महापालिकेच्या दवाखान्यात बेडका तपासला तेव्हा क्षय निघाला. टीबी. तपासणी फुकट, औषध फुकट. वजन भरलं ३८ किलो.

दिरांचा फोन आला, "वहिनी, तुम्ही येता का?" मी भाऊबीज उरकून एसटीत बसले.

घरात गेले आणि काय बघितलं? तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, चादर दाराबाहेरच्या दोरीवर. आत्यांनी ते प्रेमापोटीच केलं होतं, नातवंडांच्या काळजीनं. पण त्या बाईचं तोंड बघवत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले आणि नर्सताईंना सरळ विचारलं. त्यांनी सांगितलं ते तुम्ही पक्कं ध्यानात ठेवा. टीबी ताटातून, कपड्यातून, हात लावल्यानं पसरत नाही. तो खोकल्यातून हवेत जातो. म्हणून तोंडाला फडकं बांधायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या, बेडका झाकणाच्या डब्यात टाकायचा. औषध लागू पडलं की साधारण दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायचा धोका खूप खाली येतो. आणि घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं. ज्यांना आजार नाही त्यांनाही तो होऊ नये म्हणून गोळ्या देतात. आमच्या दोन्ही मुलांना दिल्या.

पूर्वी टीबी म्हटलं की माणूस गावाबाहेर, सॅनेटोरियममध्ये. वर्ष-वर्ष तिथं. मग १९५६ साली मद्रासला एक मोठा अभ्यास सुरू झाला. निम्मे रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले, निम्म्यांना त्यांच्या लहानशा, गर्दीच्या घरातच औषध दिलं. १९५९ साली निकाल छापून आला. घरी राहून औषध घेतलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नाही. त्यानंतर जगभर घरीच उपचार सुरू झाले. मी हे आत्यांना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री ताट वेगळं मांडलं नाही.

आता उपचार. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेल्या गोळ्या, पुढचे चार महिने तीन औषधांच्या. रोज. किती गोळ्या ते वजनावर. लघवी नारिंगी-लाल होते, घाबरायचं नाही, ते औषधाच्या रंगानं. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, नजर अंधूक झाली, तर तसंच उठून दवाखाना गाठायचा. अजून एक, सभेत बोलायला लाजू नये असं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायांनी डॉक्टरांना ते सांगायचं. टीबीच्या औषधानं त्या गोळ्यांचा जोर कमी होतो. आमच्या ओळखीत एकीला हे उशिरा कळलं.

तीन आठवडे राहून मी परत आले. गटाच्या दोन मीटिंगा चुकल्या होत्या, पण बायांनी दंड घेतला नाही, तो इथंच सांगून टाकते म्हणजे ऑडिटला त्रास नको.

संक्रांतीला पुन्हा गेले, तिळगूळ घेऊन. जाऊ बरी दिसली. वजन ४२. ताप गेलेला. मी मनात म्हटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी पुरणासाठी डाळ काढायला डबा उघडला, तर डाळीत गोळ्यांच्या पट्ट्या. मोजल्या. अकरा दिवसांच्या.

मी ओरडले नाही, खोटं कशाला सांगू, ओरडलेच. ती रडत बसली. मग एक-एक बाहेर आलं. पहाटे साडेचारला उठायचं, पाच वाजता पाणी येतं ते भरायचं, दिरांचा डबा, मुलांचे डबे. उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की दोन तास मळमळ, उभं राहवत नाही. आधी ती अंथरुणाला होती तेव्हा सगळे मदत करत होते. रंग जरा सुधारला तसं सगळ्यांना वाटलं, झाली बरी. दिरांनी भाकरी थापायची सोडली. आत्यांचे गुडघे धरलेले. आणि मधल्या काळात थोरली पोरगी रोज पहिले दोन तास बुडवून स्वयंपाक करत होती. शाळेतून चिठ्ठी आलेली. जावेनं पोरीची शाळा वाचवायला गोळ्या सोडल्या. म्हणाली, "अक्का, आता बरंच वाटतंय की. पोरीचं वरीस जाईल त्याचं काय?"

बायांनो, मी त्या दिवसापर्यंत समजत होते की बाई गोळ्या सोडते ती अडाणीपणानं. तसं नाही. तिनं हिशोब केला होता. फक्त हिशोबात स्वतःला धरलं नव्हतं. अर्धवट सोडलेला टीबी परत उलटतो, आणि उलटला की साधी औषधं न ऐकणारा होऊ शकतो, ते तिला माहीत होतं. तरी.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या पिशवीत घालून आम्ही दोघी दवाखान्यात. मला वाटलं होतं झापतील. डॉक्टरबाईंनी परत बेडका तपासला, तो साफ आला. चुकलेले डोस पुढं वाढवून दिले. मळमळीचं ऐकून गोळ्यांची वेळ रात्रीची करून दिली. इतकं सोपं होतं, पण ते विचारायला घरातून कुणीतरी बरोबर जावं लागलं.

रात्री मी दिरांना समोर बसवलं. मोठी भावजय आहे, तेवढा हक्क माझा. पाणी ते भरणार, सकाळच्या भाकरी ते थापणार, भाजी आत्या बसून चिरणार. पोरगी साडेसहाला शाळेत. दिरांच्या भाकऱ्या पहिले आठ दिवस नकाशासारख्या होत्या. मार्केटमध्ये डब्यावरून हसले म्हणे. हसू देत.

खाण्याचंही बोलते. आपण बाया सगळ्यात शेवटी जेवतो, पातेल्याला लागलेलं. टीबीत तसं चालत नाही. झारखंडमध्ये टीबी झालेल्यांच्या घरात तांदूळ, डाळ असा शिधा देऊन बघितला. २०२३ ला निकाल आला. घरच्या इतर माणसांना टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढलं, त्यांच्यात मरणाचा धोका बराच कमी होता. म्हणजे शेंगदाणा, अंडं, डाळ, नाचणी हेही औषधाच्या बरोबरीचं. मी गावाकडून शेंगा आणि नाचणी पाठवते. सरकार निक्षय पोषण योजनेतून पैसे देतं. २०१८ पासून महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. रुग्णाच्या खात्यावर जमा होतात. जावेचं खातं कधीचं बंद पडलेलं, म्हणून पैसे अडकले होते. आपल्या गटातल्या प्रत्येकीनं आपलं खातं चालू आहे का, आधार जोडलंय का, ते या आठवड्यात बघा. चौकशीला फुकटचा नंबर आहे, १८००-११-६६६६.

आणि एक सूचना मांडते, मंजूर करायची की नाही ते तुम्ही ठरवा. सरकारची निक्षय मित्र म्हणून योजना आहे, २०२२ पासून. कुणीही माणूस किंवा संस्था टीबीच्या रुग्णाला सहा महिने शिधा देऊ शकते. आपला प्रभागसंघ दोन घरं घेऊ शकतो असं माझं मत आहे. हळदी-कुंकवाच्या वाणाचा खर्च एक वर्ष तिकडं वळवला तरी भागतं, मी आकडे काढून आणलेत. काहींना आवडणार नाही, माहीत आहे.

जावेचा कोर्स मे महिन्यात संपला. वजन ४६. पोरगी नववीत गेली. दीर अजून रविवारी भाकरी थापतात, बाकी दिवशी टाळतात.

चहा झाला की मी मागच्या खोलीत वजनकाटा घेऊन बसते, आशाताईही आहेत. ज्यांच्या घरी दोन आठवड्यांवर खोकला आहे त्यांनी या. नाव मोठ्यानं सांगायची गरज नाही.