डोके दुखते, पण कोणते?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



डोकेदुखी व योगासने या विषयावर मी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी सुचविले. मी काही डॉक्टरीण नव्हे, शिक्षण सातवीपर्यंत. पण गेली सहा वर्षे योगवर्गाला नेमाने जाते, आणि तिथे पुष्कळजणी मूळच्या डोकेदुखीपायीच आलेल्या आहेत.

घरात मुलाचे अंग गरम लागले, तर लगेच थर्मामीटर निघतो. बाईचे डोके दुखले, तर "बाम चोळ आणि पड जरा" एवढ्यावर भागते. ती पडतही नाही. कपाळाला फडके आवळते आणि भाकऱ्या थापायला लागते. कोणते डोके दुखते, हे कोणी विचारीत नाही, तीही सांगत नाही.

सर्वांत जास्त आढळते ती ताणाची डोकेदुखी. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते, दोन्ही बाजूंनी. मान, खांदे, जबडा यांचे स्नायू आखडलेले असतात. शिलाईच्या यंत्रावर वाकून, धान्य निवडून, आणि हल्ली मोबाइलात मान घालून हे होते. मनातली काळजी दातांखाली धरून ठेवली तरीही होते.

अर्धशिशी निराळी. बहुधा एका बाजूला ठणके बसतात, मळमळते, वांती होते. उजेड नको, आवाज नको. कोणाला आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसते. चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत हे चालते. पुरुषांपेक्षा बायकांत हिचे प्रमाण दोन-तीन पट आहे, आणि पाळीच्या आगेमागे ती हटकून उठते. हिला कोणी ढोंग म्हणू नये, निदान बायकांनी तरी!

सर्दी साचून कपाळ व गाल जड होतात, चाळिशीचा चष्मा लांबणीवर टाकला की डोळ्यांमागे दुखते, रोजचा चहा चुकला तरी दुखते. ही कारणे शोधली की सापडतात.

एक कारण मात्र आपल्याच स्वयंपाकघरातले आहे. सर्वांची पाने वाढून, ओटा आवरून आपण दोन वाजता जेवायला बसतो. त्यात चतुर्थी, एकादशी, हरतालिका. पोट रिकामे राहिले की अर्धशिशीला आमंत्रणच. माझे स्पष्ट मत आहे, की अशा बाईने आसनांच्या आधी वेळेवर जेवावे. घरच्यांना चार दिवस चमत्कारिक वाटेल, मग सवय होईल.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. महिन्यातले दहा-पंधरा दिवस गोळी घ्यावी लागत असेल, तर त्या गोळ्यांमुळेच रोज डोके दुखू लागते. आमच्या वर्गातल्या एका बाईंच्या पिशवीत पैशाच्या बटव्याआधी गोळ्यांची पट्टी असे. त्यांना डॉक्टरांनी हेच निदान सांगितले.

आता योग. दिल्लीच्या एम्समध्ये अर्धशिशीच्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काहींना नुसती औषधे दिली, काहींना औषधांच्या जोडीला योग. तीन महिन्यांनी योग करणाऱ्यांची डोकेदुखी अधिक कमी झाली, गोळ्याही कमी लागल्या. औषधांच्या जोडीला, हे शब्द विसरू नका. आणि तीन महिने! डोके ठणकत असताना आसने करायची नसतात; तेव्हा अंधाऱ्या खोलीत निजावे. आसने बऱ्या दिवसांत करायची.

ताणाच्या डोकेदुखीला मान हळू डावी-उजवीकडे वळविणे, खांदे उचलून सोडणे, मार्जारासन, मग दहा मिनिटे शवासन. शवासनात जबडा सैल सोडावा, तोच आपण विसरतो. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. मान गरगर फिरवू नये. शीर्षासनाच्या वाटेला तर डोकेदुखीवालीने जाऊच नये. साचलेल्या सर्दीला जलनेती चांगली, पण जाणत्याकडून शिकून. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे, नळाचे तसेच नको. पेलाभर पाण्यास अर्धा चमचा मीठ.

काही डोकेदुखी मात्र घरी थांबण्याची नव्हे. एकाएकी, आयुष्यात कधी नव्हे अशी कळ आली, तापाबरोबर मान ताठ झाली, बोलणे अडखळले, हातापायातले बळ गेले, डोक्याला मार लागून दुखू लागले, तर तडक रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच डोकेदुखी सुरू झाली, तरी तपासून घ्यावी.

फार बोलले. आता आपण भ्रामरी करू. सतरंजीवरच्या सर्वांनी पाठ ताठ ठेवून बसावे, आजींनी खुर्चीवरच बसावे. डोळे मिटा. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे. नाकाने श्वास घ्या आणि सोडताना भुंग्यासारखा बारीक आवाज काढा. पाच वेळा. हसू येईल, येऊ द्या. हं, सुरू करा.