पावलावरील भाराची मात्रा
(नाशिक रोड येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



नाशिक रोड हे वर्दळीचे ठिकाण आहे. रेल्वेचे मोठे स्थानक येथे आहे, पुण्याचा महामार्ग येथूनच जातो. रस्त्यावरील अपघातात वा शेतात घसरून पाय मोडलेला माणूस शल्यक्रियेनंतर गावी परततो, तेव्हा त्याच्या हाती कुबड्या असतात आणि कानात एक वाक्य असते : ‘पायावर पूर्ण भार देऊ नका.’ पूर्ण नाही म्हणजे नेमका किती, हे मात्र पुष्कळदा त्याला उमगलेले नसते.

या अज्ञानाची किंमत मोठी असते. हाड जुळेपर्यंत धातूची पट्टी वा सळई ते सावरून धरते. अवेळी अधिक भार पडल्यास पट्टी वाकते, स्क्रू सैल होतात, हाड जागचे सरकते. उलट, भीतीने खाट न सोडणाऱ्याचे स्नायू रोडावतात, सांधे आखडतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. योग्य वेळी दिलेला मर्यादित भार पुष्कळ अस्थिभंगांत हाड सांधण्यास साहाय्यच करतो. सारांश, भार हेही एक औषध आहे. त्याची मात्रा क्ष-किरण चित्र पाहून डॉक्टरांनीच ठरवावयाची. परंतु ती रुग्णाच्या अंगवळणी पाडणे हे शिक्षणाचे काम आहे.

त्यासाठी साधा वजनकाटा पुरतो. काट्याशेजारी त्याच्याच उंचीची फळी ठेवावी. रुग्णाने कुबड्यांचा आधार घेऊन चांगला पाय फळीवर आणि दुखरा पाय काट्यावर ठेवावा. साठ किलो वजनाच्या माणसास एकतृतीयांश भाराची अनुज्ञा असेल, तर काटा २० किलोंवर येईपर्यंतच पाय दाबावा. पुढे काट्याकडे न पाहता तोच दाब द्यावा आणि दुसऱ्याने आकडा वाचावा. मात्र उभ्याने साधलेला अंदाज चालताना टिकत नाही, असे अनेक पाहण्यांतून दिसून आले आहे. म्हणून भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली चालण्याचा सराव हवा आणि प्रत्येक भेटीत उजळणी हवी.

कुबडीचा भार तळहातांवर घ्यावा, काखेवर नव्हे. काख आणि कुबडी यांत दोन-तीन बोटांचे अंतर नसेल, तर मज्जातंतू दाबला जाऊन हात लुळा पडू शकतो. पायरी चढताना चांगला पाय प्रथम. उतरताना कुबड्या व दुखरा पाय प्रथम. ओली न्हाणी, उंच उंबरठा आणि रात्री झोपेत उठून शौचास जाणे, येथे हा नियम हमखास मोडतो. तेथे घरच्यांनी जवळ असावे.

राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालते. अशा योजनांमुळे गरिबालाही अस्थिशल्यक्रिया आवाक्यात आली. परंतु तिचे फळ पदरात पडावयाचे, ते घरच्या अंगणात. पंचायतींनी उपकेंद्रातील वजनकाटा अशा रुग्णांस उपलब्ध करून द्यावा. पायाला प्लास्टर असलेल्या विद्यार्थ्याचा वर्ग शिक्षकांनी तळमजल्यावर भरवावा. आणि गृहभेटीस जाणाऱ्या आशा कार्यकर्तीने एकच प्रश्न विचारावा : ‘पायावर किती किलो भार द्यावयास सांगितला आहे?’ उत्तर आले नाही, तर रुग्णास पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी डॉक्टरांकडे पाठवावे.