स्मृतिपेटीची झीज



मराठीच्या अध्यापकाने संगणकाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आपल्या जीर्ण ग्रंथांची छायाचित्रे आता ज्या ‘सॉलिड-स्टेट ड्राइव्ह’मध्ये साठवली जातात, तिचे आयुष्य हा आपल्याही चिंतेचा विषय आहे.

या ड्राइव्हमध्ये फिरती तबकडी नसते. विद्युतभार धरून ठेवणाऱ्या असंख्य सूक्ष्म कोशिकांत मजकूर राहतो. लिहिताना एकेक पान लिहिता येते; पुसताना मात्र अनेक पानांचा सबंध गठ्ठाच पुसावा लागतो, आणि प्रत्येक वेळी कोशिका झिजतात. एका कोशिकेत ३ बिट ठेवणाऱ्या प्रचलित प्रकारात ही मर्यादा साधारणतः १००० ते ३००० वेळांची असते.

ही झीज सर्वत्र सारखी वाटून देण्याच्या योजनेस ‘वेअर लेव्हलिंग’ म्हणतात. आपण एकच मजकूर वारंवार बदलला, तरी ड्राइव्हमधील नियंत्रक तो कमी झिजलेल्या जागी लिहितो.

दुसरी योजना ‘ट्रिम’ची. नोंदवहीतून एखादा ग्रंथ कमी केला, पण शिपायास ते सांगितलेच नाही, तर प्रत्येक आवराआवरीत तो बिचारा त्या ग्रंथाचे ओझे वाहत राहील. फाइल पुसली म्हणजे संगणकाच्या नोंदीतून ती जाते. ड्राइव्हला मात्र ते कळत नाही. ट्रिम ही वर्दी देते, निरर्थक हलवाहलव टळते आणि आयुष्य वाढते. २००९ सालच्या विंडोज ७ मध्ये ही सोय आली.

परंतु आयुष्य वाढते ते ड्राइव्हचे, मजकुराचे नव्हे. माझ्याच हातून एकदा एका जुन्या मासिकाच्या छायाचित्रांचा संच पुसला गेला. तबकडीवरून असा मजकूर पुष्कळदा परत मिळे. ट्रिममुळे येथे तो मिळाला नाही. मूळ अंक कपाटात होते, म्हणूनच पुन्हा छायाचित्रे घेता आली. शिवाय वीज न देता वर्षानुवर्षे ठेवलेल्या ड्राइव्हमधील विद्युतभारही हळूहळू ओसरतो.

म्हणून माझी विनंती एवढीच : दुसरी प्रत निराळ्या माध्यमावर ठेवावी, तिसरी अन्य वास्तूत, वर्षातून एकदा सर्व प्रती उघडून पाहाव्यात, आणि छायाचित्र झाले म्हणून मूळ ग्रंथ रद्दीत घालू नये. शंभर वर्षे ज्या कागदाने आपली सोबत केली, त्याला निवृत्त करण्याची वेळ अद्याप आलेली नाही.